गांधीलमाश्यांचा सराव

मल्लेश्वरम, बंगळूर
आखाडातला तिसरा गुरुवार

चिरंजीव दामोदर यास (वय चौऱ्याहत्तर झालं तरी धाकट्या भावाला चिरंजीवच म्हणायचं असतं, आणि दुसरं काही म्हणावं असं तू अजून केलेलंही नाहीस) अक्काचा आशीर्वाद. तुझा डावा गुडघा कसा आहे? उजव्याची चौकशी करत नाही, कारण गेल्या पत्रात त्याबद्दल तू दीड पान लिहिलं होतंस आणि ते ऐकून होईपर्यंत माझा दुखायला लागला होता. संध्याच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असं कळलं. आता तिला तू अगदी स्पष्ट दिसत असशील. तिला म्हणावं, धीर धर. इकडे आम्ही सगळे हातीपायी धड आहोत. पाऊस आहे, पण बंगळूरचा, म्हणजे पडतो आहे की नाही हे हात बाहेर काढल्याशिवाय कळत नाही. आठ दिवस ऊन नाही, त्यामुळे कपडे आणि माणसं दोन्ही दमट आहेत.

पत्र नेहमीप्रमाणे सूनबाई लिहिते आहे. मी सांगते आणि विद्या लिहिते असं म्हणायची पद्धत आहे, पण खरं म्हणजे मी सांगते आणि ती सुधारते. ती पुण्याची. मी ‘लई’ म्हटलं की कागदावर ‘फार’ उतरतं, आणि मी एखाद्याला नाव ठेवलं की तिथं ‘गृहस्थ’ असा शब्द येतो. मला अक्षर वाचता येत नसल्यामुळे मी तिच्यावर भरवसा ठेवते, आणि भरवसा ठेवते म्हणून अधूनमधून परत वाचून दाखवायला लावते. (मामा, हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे. — विद्या.) फोन का केला नाही असं विचारशील. तू फोन स्पीकरवर टाकून तालमीच्या कट्ट्यावर ठेवतोस म्हणून. मागच्या वेळी मी तुला माझ्या पोटाची तक्रार सांगत होते आणि चौकातून सात जणांनी एरंडेल सुचवलं. हे पत्रही तू कट्ट्यावर वाचणार हे मला ठाऊक आहे. वाच. पण सावकाश वाच, आणि पेठेतल्या लोकांना मध्ये बोलू देऊ नकोस.

तर बातमी तुझ्या नातवाची. कट्ट्यावर कोणी नवा बसला असेल तर त्यालाही समजावं म्हणून पहिल्यापासून सांगते. आपला शुभंकर, वय एकवीस, पेठेच्या संघाचा स्टॉपर, म्हणजे गोलकीपरच्या पुढ्यात भिंतीसारखा उभा राहणारा, तो तीन आठवड्यांसाठी इथल्या बंगळूर हॉर्नेट्स नावाच्या पगारी संघाच्या शिबिरात आला आहे. हॉर्नेट म्हणजे गांधीलमाशी. (गेल्या हंगामात या माश्या तळाला होत्या. कोणाला चावल्याचं ऐकिवात नाही.) हंगामाच्या आधी हे लोक महिनाभर सराव करतात, त्यात बाहेरची चार पोरं पारखायला बोलावतात, आणि शेवटी त्यातल्या एखाद्याला ठेवून घेतात, किंवा कोणालाच घेत नाहीत. ठेवून घेतलं तर आपल्या पेठेतून देशाच्या मोठ्या लीगमध्ये गेलेला शुभंकर पहिला. नाही घेतलं तर पुन्हा आपली पेठ, आपला चौक आणि तुझा गुडघा. यादी येत्या सोमवारी लागायची आहे. तोवर मी जे पाहिलं ते सांगते, आणि ते ऐकून कट्ट्यानं आपलं मन आत्तापासूनच जरा घट्ट करावं.

या संघाची मी भक्त आहे हे तुला माहीत आहे. म्हणजे देव पावत नाही हे पुरतं कळूनही प्रदक्षिणा घालणारी. मला या खेळाचं वेड कुठून लागलं हे तुला सांगायला नको. माहेरी तालीम दारात, आणि लग्न झालं ते फुल बॅकशी. इथल्या सरकारी कारखान्यानं यांना नोकरी दिली ती लेथ चालवायला म्हणून, पण नेमलं होतं कारखान्याच्या संघात खेळायला. लेथ शेवटपर्यंत यांना घाबरून होतं. मी नवी नवरी इथं उतरले ती दुसऱ्या दिवशी थेट मैदानावर, हातात लिंबाच्या फोडींचा डबा. कानडी येत नव्हतं, कोणी ओळखीचं नव्हतं, पण ऑफसाइड कळत होतं, आणि त्यावर मी पन्नास वर्षं काढली. हे गेल्यावर शेजारणी म्हणाल्या, आता भजनाला येत जा. मी दोनदा गेले. तिथं कोणी कोणाविरुद्ध खेळत नाही.

दर शनिवारी सकाळी सराव बघायला लोकांना आत सोडतात. मैदान येलहंक्याच्या पलीकडे, रिक्षानं गेलं तर पाठीचे मणके मोजून होतात एवढ्या अंतरावर. पहिल्या शनिवारी मी पोचले तेव्हा मैदानात पंचवीस खेळाडू होते आणि बाहेर अकरा प्रेक्षक. त्यातला एक चुकून आला होता, त्याला शेजारच्या नर्सरीतून कढीपत्त्याचं रोप हवं होतं. बाकीच्यांत गिरीराज होता. हा यांच्याबरोबर कारखान्याच्या संघात उजव्या बाजूनं पळायचा, वाऱ्यासारखा. आता दोन्ही गुडघे धातूचे आहेत आणि बसताना एखादा जुना दरवाजा लावल्यासारखा आवाज येतो. तो मला अक्का म्हणतो. इथं सगळेच मोठ्या बाईला अक्का म्हणतात, त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वी माझं गाव बदललं तरी हाक बदलली नाही, हा एक मोठाच आधार झाला.

सराव म्हणजे तुझ्या डोळ्यांसमोर जे येतं ते इथं नाही. मैदानाला फेऱ्या, मग दोन गोल लावून सामना, मग झाडाखाली उसाचा रस, हे गेलं. इथं पोरं आधी चटईवर उताणी पडून पायात रबरी पट्टे अडकवून पाय हलवतात, आणि तान्ह्या बाळाला तेल लावून ठेवल्यासारखी दिसतात. मग अंगात एक काळी आखूड बंडी घालतात, तिच्या पाठीवर खिसा, खिशात यंत्र. कोण किती पळाला, कुठं थांबला, किती दमला हे ते यंत्र चुगली करून सांगतं. (यांच्या वेळी हे काम मी करत होते.) डोक्यावर एक ड्रोन घिरट्या घालतो, त्याच्याही वर वायुदलाची विमानं, आणि दोन्ही एकदम आली की खाली प्रशिक्षक बोलायचा थांबून आभाळाकडे असा बघतो की जणू तक्रार तिकडेच करायची आहे.

हा प्रशिक्षक स्पेनचा. वाळका, उंच, दाढी चार दिवसांची आणि चेहरा तेराव्याचा. तो त्याच्या भाषेत दोन मिनिटं बोलतो, हात हवेत फिरवतो, गवतावर गुडघे टेकतो, छातीवर मूठ मारतो. मग त्याचा मदतनीस त्याचं इंग्रजीत चार शब्दांत करतो. मग मिझोरामची पोरं आपसांत बोलतात, केरळची आपसांत बोलतात, आणि आपला शुभंकर एकटाच उरतो, तो सगळ्यांच्या शेवटी मान हलवतो. तीन भाषांतून गाळून त्याच्यापर्यंत जे पोचतं ते एवढंच, की चेंडू मागे द्या. या गृहस्थाचा (मी दुसरा शब्द सांगितला होता) हा एकच मंत्र. चेंडू आला, अंगावर कोणी नाही, तर मागे, गोलकीपरला. गोलकीपर उजवीकडे देतो, उजवीकडचा पुन्हा मागे देतो. हळदीकुंकवातला एकच ब्लाउजपीस आठ घरं फिरून परत आपल्याच कपाटात येतो ना, तसा चेंडू. आपल्याकडे मागे चेंडू दिला तर अख्खा स्टँड उभा राहून त्या पोराच्या सात पिढ्यांची विचारपूस करतो. इथं मागे दिला की प्रशिक्षक टाळ्या वाजवतो. शुभंकरला मी पाहत होते. प्रत्येक वेळी चेंडू मागे देताना त्याची मान अशी खाली जायची, जणू जेवणाच्या पंगतीत ताट परत करतो आहे.

मैदानात पिवळ्या रंगाचे पाच पुतळे उभे केले होते, प्लास्टिकचे, बिनहाताचे. त्यांना चुकवत चेंडू न्यायचा होता. आपले लोक चार वेळा त्यांच्यावर जाऊन आदळले, आणि एका पुतळ्यानं तर निव्वळ उभं राहून एक गोल वाचवला. बचावात मला सगळ्यात भरवशाचे तेच वाटले. जागा सोडत नाहीत, पंचाशी भांडत नाहीत, उकडलेली कोंबडी मागत नाहीत. मी गिरीराजला म्हटलं, या पाचांना घेऊन टाका, बाकी सहा कुठूनही आणा. तो म्हणाला, ‘स्वल्प ताळ्मे, अक्का.’ म्हणजे थोडा धीर धर. हा संघ निघाला त्या वर्षापासून तो मला हेच सांगतो आहे, आणि त्याच्याही आवाजातला धीर आता तळाला लागला आहे.

दुसऱ्या शनिवारी मी डिंकाचे लाडू घेऊन गेले. पोर वाळलं होतं रे. गाल आत गेलेले, डोळे मोठे, आणि जेवायला काय, तर उकडलेली कोंबडी, उकडलेलं रताळं, उकडलेली पालेभाजी. ज्याच्या रक्तात पिढ्यान् पिढ्यांचा तांबडा रस्सा आहे त्याला हे म्हणजे पाण्यातल्या माशाला पावडर लावण्यासारखं आहे. पण फाटकाशीच निधी नावाच्या एका मुलीनं मला अडवलं. ती खेळाडूंच्या खाण्यापिण्याचं बघते आणि एका चिमट्यानं त्यांच्या पोटाची कातडी धरून चरबी मोजते. (चिमूट आली की हे लोक घाबरतात. आपल्याकडे चिमूट आली नाही की आई घाबरते.) ती नागपूरची निघाली. ‘आजी, हे एकदम नको देऊ हो त्याला, माझं सगळं रीडिंग बिघडून राहिलं ना,’ असं कळवळून म्हणाली. मी विचारलं, लाडवात वाईट काय आहे ते तरी सांग. ती वहीत लिहायला लागली, डिंक, खारीक, खोबरं, गूळ, आणि तूप म्हटल्यावर तिनं पेन खाली ठेवलं. मग तपासणीसाठी म्हणून तिनं एक घेतला. मग तपासणी नीट झाली नाही म्हणून दुसरा. तिसऱ्याला ती रडवेली झाली आणि म्हणाली, घर आठवलं. डबा मी तिच्याकडेच ठेवून आले. आपल्या पोराला एकही मिळाला नाही.

त्याच दिवशी संघावर आणखी एक घाला पडला. गोल करण्यासाठी म्हणून मुद्दाम ब्राझीलहून आणलेला जो बाप्या आहे, त्यानं मैदानात यायच्या आधी बूट घालायला वाकताना पाठ धरली. धावून नाही, कोणी पाडून नाही, नाडी बांधताना. त्याला चौघांनी उचलून निळ्या पिंपात बसवलं. पिंपात बर्फ. सराव झाला की या सगळ्यांना तसल्या पिंपात गळ्यापर्यंत बसवतात, आणि ओळीनं काढलेल्या त्या मुंड्या पाहून मला मासळीबाजार आठवला, फक्त तिथं मासे एवढे उदास नसतात. आणि हे सगळं कशासाठी, तर यंदाची स्पर्धा कधी सुरू होणार हे अजून कोणी छातीठोक सांगत नाही. कोणी म्हणतं दसऱ्यानंतर, कोणी म्हणतं संक्रांत. मांडव पडला, आचारी बसला, वाजंत्री हजर, आणि मुहूर्ताचा पत्ता नाही, अशा लग्नाला मी आणि गिरीराज दर शनिवारी नटूनथटून जातो.

आता तिसरा शनिवार, म्हणजे गेलाच. सरावाचा सामना ठेवला होता होसकोट्याच्या एका कारखान्याच्या संघाशी. मला वाटलं, चला, आपली जुनी कारखान्याची माणसं, यांना गांधीलमाश्या दहा मिनिटांत फोडून काढतील. समोरच्या संघातले तिघे पाळी संपवून थेट आले होते, एकाच्या कानामागे अजून पेन्सिल होती, आणि त्यांचा पुढचा खेळाडू पुरता टकला, पोट सुटलेला, पंचेचाळिशीचा. गिरीराज त्याच्याकडे बघून म्हणाला, याचा बाप आमच्याविरुद्ध खेळायचा. मी म्हटलं, बापच असेल, नीट बघ.

सत्तर मिनिटं काही झालं नाही. म्हणजे चेंडू सारखा मागे जात होता, आणि होसकोट्याची मंडळी मधल्या मध्ये उभी राहून विश्रांती घेत होती. शेवटच्या वीस मिनिटांसाठी शुभंकरला आत घेतलं. दामू, ते पोर आत येताना मी पाहिलं. गवताला हात लावून छातीला लावला, आपल्याकडे लावतात तसा. पहिले दोन चेंडू त्यानं डोक्यानं काढले, एकदा टकल्याच्या पायातून अलगद घेतला. गिरीराजनं मांडीवर थाप मारली आणि ‘सरी, सरी’ म्हणाला, म्हणजे बरोबर, बरोबर. मग एक चेंडू त्याच्याकडे आला. आजूबाजूला दहा पावलांत कोणी नाही. गोलकीपर मागून हात करून मागतो आहे, प्रशिक्षक कडेवरून मागे मागे असा हात हलवतो आहे. आणि शुभंकरनं तो पुढे मारला. उंच, लांब, असा देखणा की आपल्या स्टेडियमवर असता तर फेटे उडाले असते. पण तो घ्यायला पुढे कोणी असेल तर ना! सगळ्या गांधीलमाश्या मागे येऊन उभ्या, त्यांना वाटलं चेंडू तिकडेच येणार. तो पडला सरळ टकल्याच्या छातीवर. त्यानं तो खाली घेतला, चार पावलं चालत आला (धावला नाही, चालत), आणि गोल. होसकोटे एक, आपण शून्य. सामना तिथंच संपला. प्रशिक्षकानं वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी सांगू शकत नाही. मला तर मराठीही वाचता येत नाही.

तर एकंदरीत चित्र हे असं आहे. संघात दम नाही, गोल करणारा पिंपात आहे, प्रशिक्षक मागे बघून पुढे जायला निघाला आहे, आणि ज्यांच्यावर भिस्त ठेवावी ते पाचही जण प्लास्टिकचे. यंदाही हा संघ तळाला राहणार यात मला शंका नाही. अशा ठिकाणी आपल्या पोराला ठेवून घेतलं काय आणि न घेतलं काय, असा विचार कट्ट्यावरच्या शहाण्या माणसांनी करून ठेवावा. उद्या तो परत आला तर तो सुटून आला असं समजावं. मी पुढच्या शनिवारी पुन्हा जाईनच. बुडत्या नावेत बसलेल्याला मधेच उतरता येत नाही.

संध्याला डोळ्यात औषध वेळेवर घाल म्हणावं, आणि तू तुझ्या हातानं घालू नकोस. सगळ्यांना माझे आशीर्वाद सांग. ज्यांना मी आठवत नाही त्यांनाही सांग, माझ्याकडे पुष्कळ शिल्लक आहेत. विद्यानं ‘आपली नम्र’ असं काहीतरी लिहायला घेतलं होतं, ते मी खोडायला लावलं. मी नम्र नाही आणि तुझ्यापुढे तर नाहीच. खाली अंगठा उठवते आहे. शाई संपली म्हणून तो लोणच्याच्या खाराचा आहे, त्यावरून वास घेऊन ओळख पटव.

तुझी अक्का

ता. क. — दामू, हे पान वेगळं आहे. हे कट्ट्यावर वाचायचं नाही. आधीची पानं वाचून झाली, लोक हसले, संघाला चार शिव्या देऊन झाल्या, की हे घेऊन घरी जा आणि दार लावून वाच. अक्षर बदललेलं दिसलं असेल. विद्या स्वयंपाकघरात आहे, मीच तिला उठवलं. हे अक्षर तू ओळखशील. लहानपणी पाटीवर तूच गिरवून घेतलं होतंस.

होय, शुभंकर लिहितो आहे. तो सोमवारपासून इथं आहे. येत्या नाही, गेल्या सोमवारपासून. यादी लागली. त्याचं नाव नाही. चौघांपैकी केरळच्या एका पोराला घेतलं. शुभंकर पिशवी घेऊन माझ्या दारात आला, पाया पडला आणि विचारलं, अक्काआजी, घरात काही काम आहे का? त्या दिवसापासून त्यानं सगळे पंखे पुसले, पाण्याची टाकी धुतली, विद्याच्या मिक्सरचं झाकण बसत नव्हतं ते बसवलं. आता घरात मोडकं काही उरलं नाही, म्हणून मी पत्र लिहायला बसवलं.

ता. क. दुसरं — संघाबद्दल वर जे लिहिलं ते कट्ट्यासाठी लिहिलं. पुतळे खरे, चिमटा खरा, लाडू खरे. पण तो ब्राझीलचा बाप्या दुसऱ्या दिवशी हरणासारखा पळत होता. संघ वाईट नाही. या वर्षी कदाचित बराच वर येईल, आणि ते मला जास्त लागेल. आणि तो प्रशिक्षक, त्याला मी गृहस्थ म्हणायला नाखूश होते, पण तो गृहस्थच आहे. त्यानं पोराला फोनवर कळवलं नाही, कोणाकडून सांगितलं नाही. गवतावर शेजारी बसवून, मदतनीस न घेता, मोडक्या इंग्रजीत अर्धा तास बोलला, आणि पिशवी उचलून फाटकापर्यंत पोचवायला आला. मला त्याला शिव्या द्यायला त्यानं काही जागाच ठेवली नाही. म्हणून ती मी वर चार पानांत तयार करून दिली. पेठेला कोणीतरी वाईट हवा. नाहीतर पेठ पोराला वाईट म्हणेल.

ता. क. तिसरं — आणि तेवढ्यानं भागलं नाही तर माझं नाव सांग. तो चेंडू शुभंकरनं पुढे मारला तो माझ्यामुळे. मी जागेवरून उठून ओरडले, ‘मागं नको, पुढं घाल!’ असं. घरचा आवाज आला, पोरानं ऐकला. आपल्याकडे पोरं प्रशिक्षकाचं नाही, स्टँडमधल्या म्हाताऱ्यांचं ऐकून खेळतात हे सगळ्यांना माहीत आहे. म्हातारीनं घात केला असं सांग. माझ्या आवाजाबद्दल पेठेत कोणाला संशय येणार नाही, आणि मी तिकडे राहत नाही, त्यामुळे मला काय बोलतील ते बोलू दे. (हा लिहायचा थांबला आहे. लिही म्हटलं. लिहितो आहे.)

आता माझं खरं काम. तुम्ही लोकांनी पोर इकडे निघायच्या दिवशी तालमीच्या दारावर जो वीस फुटी फ्लेक्स लावलात, तो उतरव. शमिका, तुझ्या भाच्याची मुलगी, म्हणजे माझी नात, तिनं मला फोनवर त्याचा फोटो दाखवला. मध्ये शुभंकर, एका बाजूला वाघ, दुसऱ्या बाजूला विमान, खाली तुम्हा एकतीस शुभेच्छुकांची तोंडं, त्यात तू काळा चष्मा लावून मोबाईल कानाशी धरलेला, ज्याला समोरचं बोललेलं ऐकू येत नाही. आणि वर मोठ्या अक्षरांत, शमिकानं वाचून दाखवलं तसं, संघात निवड झाल्याबद्दल अभिनंदन. निवड व्हायच्या आधी! आपल्या लोकांना बारशाआधी मुंज करायची घाई. आता हे पोर म्हणतं, कुठंही जाईन पण त्या फ्लेक्सखालून जाणार नाही. घरी यायला दुसरा रस्ता नाही, हे मला माहीत आहे आणि त्यालाही. पुढच्या आठवड्यातल्या रविवारच्या आत तो उतरव, गुंडाळ, आणि त्याचं पुन्हा पावसात कोणाच्या गोठ्यावर आच्छादन करू नकोस. कोणाला दिसणार नाही असा ठेव. एवढं माझ्यासाठी कर. पन्नास वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही, आणि मागितलं असेल तर ते तू दिलेलं नाहीस.

अक्का

(आजोबा, हे पुढचं मी माझ्या मनानं लिहितो आहे. आजी समोर बसली आहे, पण तिला वाचता येत नाही. ती त्या दिवशी ओरडली नाही. मी चेंडू मारायच्या आधी तिच्याकडे पाहिलं होतं. ती पदर तोंडावर धरून बसली होती. चेंडू मीच मारला. मागे द्यायचा होता हे मला कळत होतं. प्रशिक्षकांनी मला सांगितलं की माझी चूक तो चेंडू नव्हे, मी अर्धं पाऊल उशिरा वळतो, आणि इथं ते अर्धं पाऊल पुरतं. ते खरं आहे, मी तीन आठवडे बघितलं. कट्ट्यावर कोणालाही काही सांगू नका, आजीचं नाव तर नकोच. मी त्या रविवारी सकाळच्या गाडीनं येतो, स्टेशनवर कोणी येऊ नका. आजी विचारते, एवढं काय लिहितोस. मी म्हणालो, पत्ता. फ्लेक्सला हात लावू नका, मी स्वतः उतरवतो. तालमीतली लाकडी शिडी तेवढी बाहेर काढून ठेवा. — शुभंकर)